गणितात पदवी घेऊ का, आणि पुढे काय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गणित घ्यायचं मनात आहे, पण घरचे एक सांगतात, मित्र दुसरं आणि स्वतःचं मन तिसरंच, अशा विद्यार्थ्यांसाठी आणि त्यांच्या पालकांसाठी ही उत्तरं आहेत. काही प्रश्नांना दोन ओळी पुरतात, काहींना पान लागतं. जिथे माझं मत आहे तिथे ते मत म्हणूनच वाचावं.

शाळेत गणितात पैकीच्या पैकी गुण मिळतात. तेवढ्यावर गणित घेऊ का?

तेवढ्यावर नको. शाळेतल्या गुणांवरून दोन गोष्टी कळतात: तुमची आकडेमोड सहसा चुकत नाही आणि ओळखीच्या प्रकारचं गणित तुम्ही वेळेत सोडवता. दोन्ही चांगल्याच. पण विद्यापीठात जे करायचं असतं ते बरंच वेगळं असतं आणि ते तुम्हाला आवडेल की नाही, हे गुणपत्रिकेवर लिहिलेलं नसतं.

त्यापेक्षा हा प्रश्न घ्या. एका खोलीत सहा जण आहेत. कोणत्याही दोघांची एकमेकांशी ओळख आहे किंवा नाही. सिद्ध करा की त्यांच्यात एकमेकांना ओळखणारे तिघे तरी सापडतीलच, नाहीतर एकमेकांना पूर्ण अनोळखी असे तिघे तरी. पुढचा परिच्छेद झाकून ठेवा आणि अर्धा तास कागद-पेन घेऊन बसा.

उत्तर असं. सहांपैकी कोणीही एक निवडा, त्याला 'क' म्हणू. उरलेल्या पाचांत 'क'च्या ओळखीचे निदान तीन आहेत किंवा त्याला अनोळखी असे निदान तीन आहेत. दोन्ही गट जास्तीत जास्त दोघांचे असते तर बेरीज चारच्या वर गेली नसती. समजा ओळखीचे तीन आहेत. त्या तिघांत कोणा दोघांची ओळख असली, तर ते दोघे आणि 'क' मिळून हवे ते तिघे झाले. कोणाचीच ओळख नसली, तर ते तिघे एकमेकांना अनोळखी. 'क'ला अनोळखी असे तीन असले तरी युक्तिवाद हाच, फक्त दोन्ही शब्दांची अदलाबदल करायची. झालं. पाच जण मात्र पुरत नाहीत: पाचांना गोल बसवा आणि प्रत्येक जण फक्त शेजारच्या दोघांना ओळखतो असं धरा.

इथे सूत्र नाही, आकडेमोड जवळपास नाही. वाचून 'अरेच्चा, एवढंच!' असं म्हणत बरं वाटलं असेल, किंवा पाच जणांचं उदाहरण खरंच चालतं का ते बघायला हात पेनाकडे गेला असेल, तर गणिताचा विचार पुढे न्या. 'हे सगळं ठीक, पण याचं सूत्र काय?' असं वाटलं असेल तरी काही बिघडलं नाही; अभियांत्रिकी, अर्थशास्त्र, भौतिकशास्त्र यांत तुमचं गणित जास्त रमेल. अर्ध्या तासात उत्तर सापडलं की नाही, याला माझ्या लेखी फारसं महत्त्व नाही. तो अर्धा तास कंटाळवाणा गेला की भुर्रकन उडाला, याला आहे.

विद्यापीठात गेल्यावर नक्की बदलतं काय?

सगळ्यात आधी व्याख्यांचा दर्जा बदलतो. शाळेत सलग आलेख म्हणजे पेन न उचलता काढता येतो तो, एवढ्यावर भागतं. विद्यापीठात पहिल्याच सत्रात एप्सिलॉन आणि डेल्टा ही दोन ग्रीक अक्षरं येतात आणि त्याच सलगपणाची अशी व्याख्या समोर येते की ती पहिल्यांदा वाचून कोणालाच कळत नाही. हा हट्ट कशासाठी, असं वाटतं. त्यामागे इतिहास आहे. न्यूटन आणि लायब्निझ यांनी सतराव्या शतकात कॅल्क्युलस उभं केलं. उत्तरं बरोबर येत होती, ग्रहांचे मार्ग जुळत होते, पण 'अतिसूक्ष्म राशी' म्हणजे नेमकं काय, हे कोणालाच धड सांगता येत नव्हतं. एकोणिसाव्या शतकात कोशी आणि मग वायरश्ट्रास यांनी पाया पक्का केला. १८७२ मध्ये वायरश्ट्रास यांनी असं फंक्शन मांडलं जे सगळीकडे सलग आहे आणि एकाही बिंदूला त्याला डेरिव्हेटिव्ह, म्हणजे आलेखाचा ठरावीक उतार, नाही. असा आलेख डोळ्यांसमोर आणून बघा. येत नाही. चित्र जिथे साथ सोडतं तिथे व्याख्येवरच उभं राहावं लागतं, आणि पहिलं वर्ष बहुतेक याच गोष्टीची सवय लावण्यात जातं.

दुसरा बदल वेगाचा. तासाला वर्गात तीन-चार प्रमेयं होतात, पण घरी बसल्यावर पुस्तकाच्या एकाच पानाला दोन तास लागतात. हे सामान्य आहे. कादंबरीच्या वेगाने गणित वाचणारा माणूस वाचत नसतो, पानं उलटत असतो.

कोणकोणते विषय असतात?

नावं आणि क्रम विद्यापीठागणिक बदलतात, गाभा मात्र जवळपास सारखा. सुरुवातीला कॅल्क्युलस, लिनिअर अल्जेब्रा आणि सिद्धता कशी लिहायची याची तोंडओळख. मग रिअल ॲनालिसिस, ॲबस्ट्रॅक्ट अल्जेब्रा, डिफरन्शियल इक्वेशन्स, संभाव्यता. शेवटाकडे कॉम्प्लेक्स ॲनालिसिस, टोपोलॉजी, संख्या सिद्धांत, ग्राफ थिअरी, न्यूमरिकल पद्धती यांतून निवड.

एकच सल्ला द्यायचा तर लिनिअर अल्जेब्रा वरवर करू नका. सदिश आणि मॅट्रिक्स पुढे सगळीकडे भेटतात: क्वांटम मेकॅनिक्समध्ये, संख्याशास्त्रात, मशीन लर्निंगमध्ये. गूगलच्या सुरुवातीच्या काळात पानांची क्रमवारी ठरवणारी पेजरँक पद्धत म्हणजे मुळात एका अवाढव्य मॅट्रिक्सचा आयगेनव्हेक्टर (मॅट्रिक्सने गुणल्यावर दिशा न बदलणारा सदिश) काढणं होतं.

वर्गात सगळ्यांना कळतंय आणि मलाच कळत नाही, असं वाटतं. मी चुकीच्या ठिकाणी आलोय का?

बहुधा नाही. पुढच्या बाकावरून धडाधड उत्तरं देणाऱ्यांपैकी निम्म्यांनी तो भाग आधी कुठेतरी वाचलेला असतो. उरलेल्यांतले बरेच जण तुमच्यासारखेच गप्प बसलेले असतात. पहिल्या सत्रात घसरलेले गुण पाहून निर्णय घेऊ नका. दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस घ्या. तोपर्यंत पहिल्या वर्षाचं ॲनालिसिस पुन्हा उघडून बघा. ते सोपं वाटायला लागलं असेल तर तुमची गाडी चालू आहे, भले नवीन विषय डोक्यावरून जात असोत. गणितात समज नेहमी एक सत्र उशिराने येते.

अभ्यास कसा करायचा? रोज किती तास?

तासांचा हिशेब सोडा, पद्धत बदला. प्रमेय वाचलं की लगेच सिद्धता वाचू नका. आधी ते कशाबद्दल आहे हे एखाद्या साध्या उदाहरणावर करून बघा. मग त्यातली एक अट काढून टाका आणि प्रमेय मोडतं का ते पाहा. मोडलं तर प्रतिउदाहरण हाती लागलं, आणि ती अट तिथे कशासाठी होती हे जन्मभर लक्षात राहील. मोडलं नाही, तर एक तर तुम्ही काहीतरी नवीन शोधलंय किंवा कुठेतरी चुकलाय. बहुतेक वेळा दुसरं. त्यानंतर सिद्धता वाचा, पुस्तक मिटा आणि ती कोऱ्या कागदावर स्वतःच्या शब्दांत लिहा. जिथे अडाल तिथेच तुम्हाला ती कळलेली नव्हती.

पाठांतराला नावं ठेवायची फॅशन आहे. व्याख्या तरी पाठच हव्यात, शब्दन्‌शब्द. 'प्रत्येक एप्सिलॉनसाठी एक डेल्टा असतो' आणि 'असा एक डेल्टा असतो की प्रत्येक एप्सिलॉनसाठी' या दोन वाक्यांत फक्त क्रम बदललाय, पण दुसऱ्याचा अर्थ पार वेगळा होतो. ज्याला व्याख्या आठवत नाही त्याला सिद्धता सुरूच करता येत नाही, आणि निम्म्या गृहपाठांत 'सुरुवात कुठून करू' याचं उत्तर 'व्याख्या लिहून काढ' एवढंच असतं. सिद्धता मात्र घोकू नका. तिच्यातली एक-दोन खरी वळणं लक्षात ठेवा, बाकीची वाट आपोआप सापडते.

गृहपाठाची तयार उत्तरं इंटरनेटवर मिळतात, आता चॅटबॉटही देतात. दुसऱ्याने काढलेल्या जोर-बैठका बघून आपल्या अंगात ताकद येत नाही, एवढंच म्हणेन. एखाद्या प्रश्नावर पूर्ण एक दिवस घालवा, झोपून उठल्यावर पुन्हा बघा, मग मित्राला विचारा, मग शिक्षकांना. विचारताना 'कळलं नाही' असं मोघम सांगू नका. 'तिसऱ्या ओळीतून चौथी कशी आली?' असं विचारा. प्रश्न असा नेमका करता करताच पुष्कळदा उत्तर सापडतं. आणि दोघा-तिघांचा गट जमवा. फळ्यासमोर उभं राहून दुसऱ्याला समजावताना जेवढं शिकायला मिळतं तेवढं एकट्याने वाचून मिळत नाही.

शुद्ध गणित घ्यावं की उपयोजित?

पदवीच्या पहिल्या दोन वर्षांत ही निवड करायची गरजच नाही. त्यानंतर जो विषय रात्री उशिरापर्यंत जागवतो तो घ्या, मात्र दुसऱ्या बाजूचा निदान एक तगडा विषय सोबत ठेवा.

'शुद्ध गणिताचा उपयोग काय?' याला दोन ठरलेली उत्तरं दिली जातात आणि दोन्ही खरी आहेत. योहान राडोन यांनी १९१७ मध्ये एक प्रश्न सोडवला: एखाद्या फंक्शनची प्रत्येक सरळ रेषेवरची बेरीज माहीत असेल तर ते मूळ फंक्शन परत मिळवता येतं का? सीटी स्कॅनरला क्ष-किरणांवरून शरीराच्या आतलं चित्र काढताना नेमकं हेच करावं लागतं. गंमत अशी की ज्या ॲलन कॉरमॅक यांना सीटी स्कॅनच्या कामासाठी १९७९ मध्ये गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्यासोबत वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यांना हे गणित स्वतः पुन्हा मांडावं लागलं, कारण राडोन यांच्या कामाची त्यांना तेव्हा कल्पनाच नव्हती. दुसरं उदाहरण आरएसए या सांकेतिक पद्धतीचं. रिव्हेस्ट, शमीर आणि ॲडलमन यांनी ती १९७७ मध्ये मांडली आणि तिच्या मुळाशी मूळ संख्यांबद्दलचं फर्मा आणि ऑयलर यांच्या काळातलं गणित आहे.

पण या गोष्टी ऐकून करिअर ठरवू नका. राडोन यांच्या प्रमेयाला दवाखान्यात पोचायला अर्धं शतक लागलं. तुमच्या प्रबंधाचा उपयोग तुमच्या हयातीत होईलच असं नाही, आणि ही कल्पना ज्याला सहन होत नाही त्याने उपयोजित बाजूला जावं. तिथे हवामानाचे अंदाज, साथींचा फैलाव, विमानाच्या पंखावरून वाहणारी हवा असे प्रश्न आज उत्तर मागत असतात, आणि ते काही कमी खोल नाहीत.

त्यापेक्षा कम्प्युटर सायन्स किंवा संख्याशास्त्र घेतलेलं बरं नाही का?

पहिल्या नोकरीचाच विचार असेल तर हो, बरं. त्या पदव्यांवर नोकरीचं नाव छापलेलं असतं, गणितावर नसतं. गणित घेणाऱ्याला प्रत्येक मुलाखतीत 'तू काय करू शकतोस?' याचं उत्तर स्वतः तयार करून न्यावं लागतं. ज्याला गणित मनापासून हवंय त्याने ते घ्यावं आणि सोबत प्रोग्रामिंग व संख्याशास्त्र शिकावं. उलटा रस्ता, म्हणजे आधी नोकरीपुरतं शिकून मग तीस वर्षांचं झाल्यावर टोपोलॉजी शिकणं, अवघड जातो. गणित तेव्हा अवघड झालेलं असतं असं नव्हे. सलग तास मिळत नाहीत.

गणिताच्या पदवीवर नोकऱ्या कुठे मिळतात?

'गणितज्ञ पाहिजे' अशी जाहिरात क्वचितच दिसते. कामं दुसऱ्या नावांनी येतात.

विमा क्षेत्रात ॲक्च्युअरी असतात. लोक किती जगतील, घरं किती जळतील, त्यासाठी कंपनीने आज किती पैसे बाजूला ठेवावेत, हा हिशेब त्यांचा. त्यासाठी व्यावसायिक परीक्षांची मालिका असते. ती बहुतेक जण नोकरी करता करता देतात आणि पूर्ण व्हायला बरीच वर्षं लागतात. चिकाटी असलेल्या आणि अनिश्चिततेचा तिटकारा असलेल्या माणसासाठी याहून सरळ वाट नाही.

बँका आणि गुंतवणूक संस्थांमध्ये क्वांट म्हणून ओळखले जाणारे, म्हणजे किमती आणि जोखीम गणिताने मोजणारे लोक लागतात. १९७३ मध्ये ब्लॅक आणि शोल्स यांचं ऑप्शन्सच्या (ठरलेल्या किमतीला पुढे शेअर घेण्या-विकण्याच्या हक्कांच्या) किमतीचं समीकरण आलं आणि तेव्हापासून डिफरन्शियल इक्वेशन्स आणि संभाव्यता जाणणाऱ्यांची तिथे मागणी वाढत गेली. पैसा भरपूर, ताण त्याहून भरपूर. इथे पदव्युत्तर पदवी किंवा पीएचडी बहुधा मागतात.

ऑपरेशन्स रिसर्चबद्दल विद्यार्थ्यांना फार कमी माहिती असते, आणि माझ्या मते गणितवाल्यांसाठी ही सर्वांत दुर्लक्षित जागा आहे. कोणतं विमान कोणत्या मार्गावर, कोणता चालक कोणत्या पाळीत, कोणत्या गोदामातून कोणाचा माल, असे लाखो पर्यायांतून सर्वोत्तम निवडण्याचे प्रश्न. जॉर्ज डांट्झिग यांनी १९४७ मध्ये अशा निवडीसाठी सिम्प्लेक्स पद्धत दिली, ती आजही वापरात आहे. काम खरं असतं, गणितही खरंखुरं असतं आणि आपण सुचवलेला बदल दुसऱ्या महिन्यात प्रत्यक्षात दिसतो.

बाकी डेटा सायन्स, मशीन लर्निंग, सॉफ्टवेअर, औषधांच्या चाचण्यांमागचं संख्याशास्त्र, क्रिप्टोग्राफी, सरकारी सांख्यिकी विभाग, अभियांत्रिकी कंपन्यांतलं सिम्युलेशन. यांतल्या बहुतेक ठिकाणी नुसती पदवी पुरत नाही. पायथॉन किंवा आर (R) यांपैकी एक प्रोग्रामिंग भाषा, डेटाबेसमधून माहिती काढण्याची भाषा एसक्यूएल थोडी, आणि स्वतः पूर्ण केलेला निदान एक प्रकल्प दाखवता आला पाहिजे. प्रकल्प छोटा चालेल, पण त्यातली प्रत्येक ओळ का लिहिली हे सांगता यायला हवं.

आणखी एक. दोन पानांत मुद्दा नीट मांडता येणारा गणितवाला फार थोड्या ठिकाणी मिळतो. लिहायला शिका.

पगार किती मिळतो?

क्षेत्र, देश आणि पदवीची पातळी यावर इतका बदलतो की एक आकडा देणं म्हणजे फसवणूक. क्रम मात्र साधारण असा दिसतो: वित्त आणि मोठ्या तंत्रज्ञान कंपन्या सगळ्यात वर, मग ॲक्च्युअरी आणि डेटाशी संबंधित कामं, मग विद्यापीठं, मग शाळा.

काहीच जमलं नाही तर शिकवता येईलच, नाही का?

असं म्हणणाऱ्याने कृपया शिकवू नये. शाळेत चांगला गणिताचा शिक्षक नसल्यामुळे किती मुलं या विषयाला कायमची घाबरतात हे आपण सगळे बघतोच. अपूर्णांकाने भागताना तो उलटा करून का गुणायचं, हे दहा वर्षांच्या मुलाला पटेल असं सांगणं ही सोपी गोष्ट नाही. शिकवणं आवडत असेल तर ती पहिली निवड म्हणून करा आणि शिक्षणशास्त्राची रीतसर तयारी करा.

संशोधनात जायचं आहे. वाट कशी असते?

पदवी, पदव्युत्तर, मग चार ते सहा वर्षं पीएचडी, मग पोस्टडॉकच्या, म्हणजे पीएचडीनंतर एक ते तीन वर्षांच्या तात्पुरत्या संशोधनाच्या, एक-दोन किंवा अधिक जागा, बहुधा वेगवेगळ्या शहरांत किंवा देशांत, आणि त्यानंतर कायमस्वरूपी जागेसाठी अर्ज. अशा जागा पीएचडी झालेल्यांपेक्षा खूप कमी असतात. हे आधी कळलेलं बरं. पीएचडी करताना दरवर्षी स्वतःला विचारा की विद्यापीठात जागा मिळाली नाही तरी ही वर्षं वाया गेली असं वाटेल का. उत्तर 'हो' येऊ लागलं तर वेळेवर बाहेर पडा. पूर्वी गेलेले बरेच जण बाहेर सुखात आहेत.

मार्गदर्शक निवडताना नावापेक्षा त्यांच्या आधीच्या विद्यार्थ्यांशी बोला. किती जण पूर्ण करून बाहेर पडले, किती वेळात, आणि आता कुठे आहेत? हे तीन प्रश्न विचारायला लाजू नका.

रोजचं काम कसं असतं? मुख्यतः अडून बसण्याचं. निबंध बहुतेक जण आधी अर्काइव्ह या संकेतस्थळावर टाकतात, ते १९९१ पासून चालू आहे आणि कोणालाही फुकट वाचता येतं. नियतकालिकाकडून तपासून यायला कित्येक महिने, कधी वर्षाच्या वर लागतं. लेखकांची नावं सहसा वर्णानुक्रमाने असतात, त्यामुळे 'पहिला लेखक कोण?' ही इतर विज्ञानांतली भांडणं इथे जवळपास नाहीत. चुका सापडतात, मोठ्यांच्याही. अँड्र्यू वाइल्स यांनी फर्माच्या शेवटच्या प्रमेयाची (n दोनपेक्षा मोठा असेल तर xⁿ + yⁿ = zⁿ ला धन पूर्णांकांत उत्तर नाही) सिद्धता जून १९९३ मध्ये केंब्रिजमध्ये जाहीर केली, जगभर बातम्या झाल्या, आणि मग तपासणीत तिच्यात भगदाड निघालं. ते बुजवायला त्यांना आणि त्यांचे पूर्वीचे विद्यार्थी रिचर्ड टेलर यांना सप्टेंबर १९९४ उजाडला. पूर्ण सिद्धता १९९५ मध्ये छापून आली. भगदाड निघालं याची गणितात कोणाला लाज वाटत नाही. ते लपवलं तर वाटते.

पण गणितात नवीन शोधायला उरलंय काय?

वरचा सहा जणांचा प्रश्न आठवा. तीनऐवजी चार जणांचा गट हवा असेल तर खोलीत १८ माणसं लागतात, हे सिद्ध झालेलं आहे. पाच जणांचा हवा असेल तर? उत्तर ४३ ते ४६ यांच्यात कुठेतरी आहे, एवढंच आज माहीत आहे. प्रश्न शाळकरी मुलाला समजतो आणि उत्तर जगात कोणाकडेच नाही. संशोधनातल्या विषयांची जी अधिकृत वर्गवारी वापरली जाते तिच्या २०२० च्या आवृत्तीत मुख्य विभागच ६३ आहेत, आणि एका विभागातल्या माणसाला शेजारच्या विभागातलं व्याख्यान पहिल्या दहा मिनिटांनंतर कळेलच असं नाही.

गणित हे तरुणांचं काम, तिशीनंतर काही होत नाही, हे खरं का?

या समजाला फील्ड्स पदक या गणितातल्या मोठ्या सन्मानाची चाळीस वर्षांची वयोमर्यादा बरीच जबाबदार असावी. यीटांग झांग यांचं उदाहरण बघा. पीएचडीनंतर कितीतरी वर्षं त्यांना विद्यापीठात जागा नव्हती. हिशेब लिहिणं, सँडविचच्या दुकानात काम करणं, असं चाललं होतं. २०१३ मध्ये, वयाची पन्नाशी कधीच ओलांडल्यावर, त्यांनी सिद्ध केलं की ज्यांच्यातलं अंतर ७ कोटींपेक्षा कमी आहे अशा मूळ संख्यांच्या जोड्या अनंत आहेत. ७ कोटी ऐकून हसू येतं, पण त्याआधी कोणतीच मर्यादा सिद्ध झालेली नव्हती. पुढे इतरांनी मिळून वर्षभरात ते अंतर २४६ वर आणलं. आणि २०२२ चे फील्ड्स मानकरी जून हू यांनी तर कविता लिहायच्या म्हणून शाळा सोडली होती. गणिताकडे ते विद्यापीठातल्या शेवटच्या टप्प्यात वळले.

अशी उदाहरणं म्हणजे हमी नव्हे. झांग यांच्यासारखी वर्षं काढूनही हाती काही न लागलेल्या माणसांची नावं आपल्याला माहीत होत नाहीत.

गणिताच्या ऑलिंपियाड स्पर्धेला कधी बसलो नाही. उशीर झाला का?

नाही. तिथे साडेचार तासांत तीन प्रश्न सोडवायचे असतात आणि त्यांना उत्तर आहे हे आधीच माहीत असतं. संशोधनात यातलं काहीच खरं नसतं.

मुलीने गणितात जावं का? माझ्या मुलीला तिचेच नातेवाईक परावृत्त करताहेत.

जावं. एमी नोएथर यांना जर्मनीतल्या ग्योटिंगेन विद्यापीठात कित्येक वर्षं पगाराविना आणि डाव्हिड हिल्बर्ट यांच्या नावाखाली वर्ग घ्यावे लागले. स्वतःच्या नावाने शिकवायचा अधिकार १९१९ मध्ये मिळाला. त्यांच्याविना आजचं ॲबस्ट्रॅक्ट अल्जेब्रा उभंच राहत नाही. मरियम मिर्झाखानी या २०१४ मध्ये फील्ड्स पदक मिळवणाऱ्या पहिल्या स्त्री, कॅरेन उलेनबेक २०१९ मध्ये गणितासाठीचं एबल पारितोषिक मिळवणाऱ्या पहिल्या. मरिना व्याझोव्स्का यांनी २०१६ मध्ये आठ मितींमध्ये चेंडूसारखे गोल जास्तीत जास्त दाटीने कसे रचावेत हा प्रश्न सोडवला आणि २०२२ मध्ये त्यांना फील्ड्स मिळालं. या तारखा किती अलीकडच्या आहेत ते बघितलं की अडचण क्षमतेची नव्हती हे कळतं. नातेवाइकांना ही यादी वाचून दाखवायची गरज नाही. मुलीने विभाग निवडताना तिथे शिकवणाऱ्या स्त्रिया किती, पीएचडी पूर्ण करणाऱ्या किती, हे मात्र बघावं. एकटं पडण्याचा त्रास खरा असतो.

एआय आल्यावर गणित शिकण्यात अर्थ आहे का?

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा राहिलेला नाही. २०२४ मध्ये गूगल डीपमाइंडच्या प्रणालींनी आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडच्या प्रश्नांवर ४२ पैकी २८ गुण मिळवले, म्हणजे रौप्यपदकाच्या तोडीचे. २०२५ मध्ये ३५ गुणांसह सुवर्णाची पातळी गाठली गेली. ठरावीक साच्याची गणितं सोडवणं एवढंच ज्याचं भांडवल आहे त्याने काळजी करावी.

गणित आणि यंत्र यांचं नातं तसं जुनं आहे. चार रंगांचं प्रमेय (कोणताही नकाशा, शेजारच्या प्रदेशांचे रंग वेगळे ठेवून, चार रंगांत रंगवता येतो) ॲपल आणि हाकन यांनी १९७६ मध्ये संगणकाच्या मदतीने सिद्ध केलं, आणि हजारभर तासांची ती आकडेमोड हाताने तपासता येत नाही म्हणून अनेकांनी नाक मुरडलं. टॉमस हेल्स यांनी १९९८ मध्ये केप्लरच्या अंदाजाची (सारखे गोल जास्तीत जास्त दाटीने कसे रचावेत याबद्दलचा) सिद्धता दिली. परीक्षकांना ती शंभर टक्के तपासता आली नाही, तेव्हा हेल्स आणि सहकाऱ्यांनी प्रत्येक पायरी संगणकाकडून तपासून घेतली, ते काम २०१४ मध्ये संपलं. आता लीनसारख्या, सिद्धतेची प्रत्येक पायरी तपासणाऱ्या संगणक प्रणालींत सिद्धता लिहिणं ही गणितवाल्यांची एक उपयोगी कला होत चालली आहे. शिकून ठेवा.

यंत्राने दिलेलं चार पानी उत्तर बरोबर आहे की तेराव्या ओळीत हळूच घसरलंय, हे ओळखणारा माणूस लागतोच, आणि ती नजर स्वतः सिद्धता लिहून लिहूनच येते. म्हणूनच गृहपाठ चॅटबॉटकडून करून घेणाऱ्याचं दुहेरी नुकसान आहे.

मध्येच वाटलं की हे आपलं काम नाही, तर?

तर विषय बदला. गणितातून संख्याशास्त्र, कम्प्युटर, अर्थशास्त्र, भौतिकशास्त्राकडे जाणं तुलनेने सोपं असतं. तिकडून इकडे येणं अवघड. एका विषयात नापास होणं हे बाहेर पडायचं कारण नव्हे. दोन वर्षं सलग एकही प्रश्न आपणहून सोडवावासा न वाटणं, हे आहे.

प्रवेश घेण्याआधीच्या सुट्टीत काय करू?

पुढच्या वर्षाचा अभ्यासक्रम आधीच संपवू नका. दोनाचं वर्गमूळ अपरिमेय आहे आणि मूळ संख्या अनंत आहेत, या दोन सिद्धता पुस्तक न बघता लिहिता येईपर्यंत लिहा. मग तिनाचं वर्गमूळ घ्या. मग चाराचं, आणि तीच सिद्धता तिथे कोणत्या ओळीला अडते ते शोधा. थोडं पायथॉन शिकून सहा जणांच्या ओळखीच्या सगळ्या शक्यता संगणकाकडून तपासून घ्या, एकूण ३२,७६८ भरतील. हा आकडा कुठून आला ते आधी कागदावर काढा.